पोळ्याच्या दिवशी काढलेली मोटर

दवाखान्यात पुराचं पाणी शिरलं की लोक आधी खाटांकडे बघतात. गाद्या भिजल्या, चादरी गेल्या, कपाटाची दारं फुगली म्हणून हळहळतात. मी या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, गाद्या वाळतात. दवाखाना बंद पडतो तो पाणी, वीज, वाफ आणि ऑक्सिजन यांच्यावाचून. त्यातही पाणी आधी. पाणी नाही तर बॉयलर पेटत नाही, बॉयलर नाही तर हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, आणि मग डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला हात बांधून उभं राहावं लागतं.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मैल जाऊन किलोमीटर आले होते, गॅलन जाऊन लिटर आले होते, आणि मला दोन्हींत आकडे लिहावे लागत. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा सरकारी दवाखाना माझ्याकडे देखभालीला होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं हयात आहेत. तीस खाटांचा, कौलारू, नदीपासून दोनशे फुटांवर. जागा कोणी निवडली ते विचारू नये. नदी अकरा महिने नाल्यासारखी असायची, म्हणून कोणाला तिचं भय वाटलं नसावं.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. आमच्याकडची बोली जालन्याच्या अंगानं जाते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझी चेष्टा सुरू झाली. पंप चालवणारे गफूरभाई म्हणायचे, "साहेब 'मला' म्हणते, 'मले' नाई म्हणत. पुण्याहून आले का हो?" मी पुणं तोवर पाहिलंही नव्हतं.

पुराच्या बंदोबस्ताचं काम बाहेरून साधं दिसतं. सामान उचलून वर ठेवायचं, एवढंच. पण वर काय ठेवायचं, यातच सगळे चुकतात. मी रुजू झालो तेव्हा भांडारात महागाच्या वस्तू वरच्या फळीवर आणि जड वस्तू खाली होत्या. सलाईनच्या बाटल्या जड, म्हणून जमिनीवर. मी म्हणालो, पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी जे लागेल ते सगळ्यात वर. पुरानंतर जुलाब-ओकारीचे रोगी येतातच, त्यांना सलाईन लागतं. कंपाउंडरना ते पटलं, पण रोज बाटल्या उतरवताना ते माझ्या नावानं काय म्हणत, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ऑक्सिजनची सिलिंडरं ही दुसरी डोकेदुखी. जमिनीवर जी दोन माणसांना उचलत नाहीत, ती पाण्यात हलकी होतात आणि गडगडत एकमेकांवर आदळतात. त्यांना भिंतीशी बांधायला साखळ्या हव्या होत्या. मागणी पाठवली तर उत्तर येईना. शेवटी गुरांच्या बाजारातून म्हशी बांधायच्या साखळ्या आणल्या. त्यांना लहान घंटा लावलेल्या होत्या, त्या काढायच्या राहिल्या. पुढे कित्येक महिने सिलिंडर बदललं की वॉर्डात म्हैस आल्यासारखं वाजायचं, आणि एखादा पडलेला शेतकरी डोळे उघडून बघायचा.

जनरेटरसाठी मी साडेचार फूट उंच ओटा बांधून घेतला. दवाखान्याच्या आवारात तेवढीच एक कोरडी, गुळगुळीत जागा. तिथे रोग्यांचे नातेवाईक येऊन बसू लागले. सोनाळ्याकडून लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या एका म्हातारीनं तर डिझेलच्या पिंपापासून हातभरावर तीन दगडांची चूल मांडली.

"आजी, इथं चूल नको. पिंपात तेल आहे," मी म्हणालो.

"काऊन? सरकारनं ओटा बांधला तो बसासाठीच ना?"

"मशीनसाठी बांधलाय."

"मशीन एवढुशी आन् ओटा एवढा? बाप्पा!" असं म्हणत तिनं दगड उचलले, पण भाकरी भाजून झाल्यावरच.

हे सगळं जमलं. जमली नाही ती विहीर.

दवाखान्याची विहीर नदीकाठी होती. मुळात ती कोणाच्या तरी वावरातली मोटेची विहीर. ज्यांनी मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर चाक असतं, चाकावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, आत सोडलेला असतो. बैल विहिरीकडे पाठ करून एका उतारावरून खाली चालत जातात, तसं पाणी वर येतं. मग ते त्याच उतारावर मागच्या पावली विहिरीकडे चढतात. या उताराला धाव म्हणतात. मागच्या पावली चढणं बैलाला शिकवावं लागतं, सगळ्यांना जमत नाही. दवाखान्यानं विहीर घेतली तेव्हा मोट गेली, पण चाक आणि धाव तशीच राहिली.

आत विजेची मोटर बसवली. आता पंपाची एक खोड आहे. तो पाणी वर ढकलतो पाहिजे तितकं, पण खालून ओढतो फक्त वीस-बावीस फूट. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटरही खाली न्यावी लागते. विहिरीत दोन टप्पे बांधले होते, वरचा बारा फुटांवर आणि खालचा अठ्ठावीसवर. उन्हाळ्यात मोटर खालच्या टप्प्यावर, आणि पाऊस लागून विहीर भरू लागली की वरच्या. मोटर, पंप आणि दोघांना जोडणारी लोखंडी बैठक मिळून वजन तीन क्विंटलच्या वर. ही चढउतर बैलांनीच व्हायची. चेन-पुली जिल्ह्याच्या गोदामात होती आणि ती मागितली की कोणीतरी आधीच नेलेली असायची.

वरचा टप्पाही पुरात बुडण्याजोगा होता. म्हणून मी एक योजना करून वर पाठवली होती. चार खांबांवर उंच पंपघर, मोटर वर, पंप खाली पाण्यात, आणि दोघांच्या मधे लांब दांडा. पूर कितीही आला तरी मोटर कोरडी. नकाशा होता, हिशेब होता. उत्तर आलं नव्हतं.

त्या वर्षी पावसानं फार ताण दिला. आषाढ कोरडा, श्रावण जवळजवळ कोरडा. विहिरीचं पाणी तळाला, म्हणून मोटर खालच्याच टप्प्यावर ठेवावी लागली. पोळा जवळ आला आणि आभाळ फाटलं. आमच्याकडे कमी, पण वर घाटात धो धो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि बैलाला आवतन देतात, उद्या जेवायला या म्हणून. तेव्हापासून पोळा संपेपर्यंत त्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या संध्याकाळी वीज गेली. पंप बंद. टाकीत पाव भागही पाणी नव्हतं, कारण विहिरीतच नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी नदी लालभडक होऊन आली. काठाच्या वाळूतून पाणी झिरपून विहीर भरू लागली. गफूरभाई आत उतरले होते. त्यांनी खालून ओरडून सांगितलं, "साहेब, टप्प्यापासून चार फूट राह्यलं!" मोटर काढायची तर जनरेटरवर टाकी भरत बसायला वेळ नव्हता.

त्याच वेळी धामणगाव बढ्याहून एक बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. बंडीत अडलेली बाई. कालपासून कळा देत होती, गावच्या सुईणीचे हात टेकले होते. तिचा सासरा आणि नवरा दोघं चिखलानं माखलेले, बंडीचे बैल दमून आडवे झालेले. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, वयानं लहान, बोलायला तुटक. त्यांनी तपासलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"पोट उघडावं लागेल. टाकीत पाणी किती आहे?"

मी आकडा सांगितला.

"कोणी दुसरं वापरलं नाही तर एवढं होईल. पण नंतर? पूर उतरल्यावर जुलाबाचे पेशंट येतील, तेव्हा मी काय वापरू?"

मी म्हणालो, मोटर वाचली तर जनरेटरवर चालवता येईल. भिजली तर वाइंडिंग जळेल, ती अकोल्याला न्यावी लागेल, आणि रस्ता पाण्याखाली आहे.

"मग वाचवा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दरवर्षी मोटर ओढायला जी भाड्याची जोडी यायची, तिचा मालक पोळ्यासाठी गावी गेलेला. मी पाटलांकडे गेलो. पाटलांचा वाडा दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची खिलारी जोडी गावच्या तोरणाखाली पहिल्या मानाला उभी राहायची. त्या सकाळी गडी शिंगांना बेगड चिकटवत होते. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं.

"साहेब, काल खांदे शेकले. आवतन देल्लं. आज जू ठेवलं त माह्या घरात कोणी घास गिळणार नाई. आन् माह्ये बैल मोटेचे नाईत. त्याइनं धाव पाह्यली नाई. माणसं न्या. सारे सालदार न्या."

सालदारांनाही, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांनाही, तो वर्षाचा सुट्टीचा दिवस, नवी धोतरं नेसलेले. तरी सहाजण आले. त्यांच्याबरोबर आमचे दोन वॉर्डबॉय आणि चौकीदार. गफूरभाईंनी खाली नट सोडवले, बैठकीला नाडा बांधला. आम्ही धावेवर ओढायला लागलो. काळी माती, वर पाऊस. पाय रोवायला जागाच मिळेना. मोटर हातभर वर आली आणि सगळे एकदम घसरले. नाडा हातातून सुळकन गेला. आतून गफूरभाईंचा आवाज आला.

"काऊन बे! जान लेते क्या मेरी? घरमें पाच लेकरं हैं!"

मोटर परत टप्प्यावर बसली होती, त्यांच्यापासून वीतभरावर. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दोघांच्या तळहाताची सालं निघाली. माणूस ओढू शकतो, पण उतारावर चिखलात तीन क्विंटल तोलून धरू शकत नाही. ते काम बैलाचं.

पाटील छत्री घेऊन बघायला आले होते. ते म्हणाले, "सुखदेवकडं जा साहेब. गावात त्याचीच मोट अजून चालते. आन् त्याइचा आता कोठी राह्यला पोळा?"

सुखदेव इंगळे हे बौद्ध कुटुंबातले. धर्म बदलून काही वर्षंच झाली होती. चार एकर वावर, त्यात विहीर, विजेचा खांब अजून त्यांच्या बाजूला पोहोचलेला नव्हता, म्हणून मोट. मी त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा जोडी गोठ्याबाहेर उभी होती. पाखऱ्या आणि लाल्या. बेगड नाही, झूल नाही, पण धुऊन लख्ख केलेले, आणि पुढ्यात टोपलंभर शिजवलेली ज्वारी. सुखदेवभाऊंची बायको गयाबाई त्यांच्या मानेवरून हात फिरवत होती.

मी काय हवं ते सांगितलं. गयाबाईनं विचारलं, "कोणं धाडलं तुम्हाले? पाटलानं?"

"हो."

"त्याइची जोडी?"

"आज पोळा आहे म्हणाले."

"आन् आमच्याबद्दल काय म्हणले?"

मी टोपल्यातल्या ज्वारीकडे पाहिलं. ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"समजलं. आम्ही देव सोडले साहेब, बैल नाई सोडले. सालभर राबते त्याइनं आज बसून खाल्लं पाह्यजे. पाटलाचे बैल खातीन आन् आमचे राबतीन, हे कोठचं शास्त्र?"

सुखदेवभाऊ गोठ्याच्या दाराशी बसले होते. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात कोण हाय?"

"धामणगाव बढ्याची बाई आहे. अडलीय."

"आन् विहिरीत?"

"गफूरभाई."

"अजून आतच हाय?"

"कोणीतरी खाली हवंच. मोटर भिंतीला घासू द्यायची नाही."

सुखदेवभाऊ उठले आणि त्यांनी खुंटीवरचं जू काढलं. गयाबाईनं टोपलं बैलांसमोरून ओढून घेतलं, भरल्या पोटी ओढायला नको म्हणून. "पाखऱ्याकडं पाह्यजा," एवढंच ती म्हणाली. "चिखल लय हाय."

बैल धावेवर आले तसे आम्ही सगळे बाजूला झालो. मी बरीच यंत्रं पाहिली आहेत, पण त्या जोडीसारखं शांत काम करताना थोडीच पाहिली. सुखदेवभाऊ नुसते "चाल माह्या राजा, चाल" म्हणत होते, आणि बैल पाऊल टाकण्याआधी खुरानं माती चाचपत होते. मोटर खालच्या टप्प्यावरून उठली. पाणी गफूरभाईंच्या तळपायांना लागत होतं, आणि ते मोटरला हातानं भिंतीपासून दूर ठेवत तिच्याबरोबर टप्प्यांच्या पायऱ्या चढत होते. वरच्या टप्प्याच्या पुढे गेली. आता काठावर यायची. मी आणि चौकीदार एक मोठा लाकडी वासा घेऊन उभे होतो, मोटर वर आली की तो विहिरीवर आडवा सारून तिच्याखाली घालायचा.

काठ दोन हातांवर असताना पाखऱ्याचा मागचा पाय घसरला. पाय बाजूला फाकत गेला आणि आतून काहीतरी निसटल्याचा आवाज आला. बैल खाली बसला. मला वाटलं, गेलं सगळं. मोटर सुटली असती तर सरळ गफूरभाईंच्या डोक्यावर. सुखदेवभाऊंनी स्वतःला नाड्यावर झोकून दिलं. लाल्या मान खाली घालून उभा राहिला, जागचा हलला नाही. आणि पाखऱ्यानं पुढचे दोन्ही गुडघे मातीत रोवले आणि जू धरून ठेवलं. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. मागचा अर्धा भाग चिखलात पडलेला, आणि मान ताठ.

"वासा घाला!" सुखदेवभाऊ ओरडले. "घाला ना बे लवकर!"

वासा गेला. मोटर टेकली. गफूरभाई वर आले ते थेट बैलाजवळ जाऊन चिखलातच बसले आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून रडले.

तिकडे शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, आई वाचली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कोणीतरी सांगितलं असावं, तशाच विहिरीकडे आल्या. बैलाच्या खुब्यावर हात फिरवून म्हणाल्या, "माणूस असता तर भूल देऊन सांधा बसवला असता. याला किती भूल द्यायची हेच मला ठाऊक नाही. जास्त झाली तर उठणार नाही." तरी त्यांनी वॉर्डबॉयना पाय धरायला लावून एकदा ओढून पाहिलं. पाखऱ्या असा ओरडला की त्यांनी हात काढून घेतला. गुरांचे डॉक्टर रस्ता उघडल्यावर आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, उशीर झाला.

मोटर चालली. पूर उतरल्यावर जुलाबाचे रोगी आले, व्हरांड्यात सतरंज्या टाकाव्या लागल्या, पण पाणी कमी पडलं नाही. कितीतरी लोक पायावर घरी गेले. त्यातल्या कोणाला पाखऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

मी वर कळवलं. यात माझी समजूत अशी होती की आता तरी पंपघर मंजूर होईल, कारण इतक्या थोडक्यात वाचलो होतो. झालं उलटं. उत्तर आलं की मोटर स्थानिक साधनांनी वेळेत सुरक्षित काढण्यात आली, त्या अर्थी सध्याची व्यवस्था पुरेशी आहे. पंपघराची निकड दिसत नाही. पावसाळ्यापूर्वी बैलजोडीची तजवीज करून ठेवावी.

मी ते गफूरभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिहा त्याइले. म्हणा, तजवीज केली. दीड बैल हाय."

सरकारी कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. जे बुडतं त्याचं पंचनाम्यात वजन होतं. जे कोणी जीव टाकून वाचवतं, ते जणू कधी धोक्यात नव्हतंच. मी पुन्हा लिहिलं, नकाशा पुन्हा जोडला, बैल कायमचा जायबंदी झाला हेही लिहिलं. बैल कोणत्या रकान्यात घालायचा, ते तिकडे कोणाला कळलं नसावं.

पाखऱ्या जगला. मागचा पाय ओढत अंगणात फिरायचा, ओझं ओढणं संपलं होतं. सुखदेवभाऊंनी त्याला विकला नाही. लाल्याला जोड म्हणून ते दुसऱ्या एकाकडून सावडीनं बैल आणायचे, एक दिवस त्याचा बैल यांच्या वावरात, एक दिवस लाल्या त्याच्याकडे. मोट मात्र थांबली, कारण सावडीच्या बैलाला धाव ठाऊक नव्हती. मोटेखालचा भाजीपाल्याचा तुकडा पडीक पडला. मी अधूनमधून जायचो. गयाबाई चहा द्यायची. घरी बायको म्हणायची, "जाता तर नुसते कसे जाता?" म्हणून एकदा सरकीची पेंड घेऊन गेलो. गयाबाईनं ती घेतली आणि पाखऱ्यापुढे ठेवली. त्या दिवशी तिनं चहा ठेवला नाही.

पुढच्या पोळ्याला पाटलांनी स्वतः निरोप पाठवला. यंदा तोरणाखाली पहिला मान सुखदेवच्या बैलांचा. पाटलांच्या मनाला ते लागून राहिलं होतं, हे मला माहीत आहे. निरोप घेऊन मलाच पाठवलं, माझं ऐकतील म्हणून.

सुखदेवभाऊ जमिनीवर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जोडी होती तवा आमाले शेवटाले उभं राहा म्हणत. आता एकल्या बैलाले पहिल्या मानाले उभा करू म्हणता?"

"पाटलांचा हेतू चांगला आहे."

"हाव ना. वाईट कोण म्हणते? पाटलाले सांगा, पाखऱ्याच्यानं तेवढं चालणं होत नाई."

मी तेवढंच सांगितलं. त्याच हिवाळ्यात पाखऱ्या गेला. मला कळलं तेव्हा पुरून झालं होतं.

मग आणखी एका पावसाळ्यात नदी पुन्हा आली. या वेळी मोटर वरच्या टप्प्यावर होती. पण नदीही मागच्यापेक्षा मोठी होती, काठ ओलांडून विहिरीत कोसळणार हे सकाळीच दिसत होतं. जोडीची तजवीज नव्हती. गावात विजेचे पंप आले होते, मोटेचे बैल उरले नव्हते. जे माझ्या हातात होतं ते मी केलं. आभाळ भरून आलं तेव्हापासून जनरेटर चालवून टाकी काठोकाठ भरली. डिझेलची रिकामी पिंपं धुऊन भरली, बॉयलर भरला, वॉर्डातली घंगाळं भरली, डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यातला न्हाणीचा हौदसुद्धा. हिशेब केला. काटकसरीनं पुरलं असतं, रस्ता उघडेपर्यंत. मग गफूरभाईंना म्हणालो, वीज तोडा आणि वर या.

आम्ही काठापासून जरा दूर उभे होतो. तेवढ्यात सुखदेवभाऊ आले. त्यांच्या खांद्यावर नाडा, हातात लाल्याची वेसण, आणि लाल्याच्या मानेवर जू. जुवाची दुसरी बाजू रिकामी, एका बाजूला कललेली.

"इकळून लाल्या लावतो," ते म्हणाले. "तिकळून माणसं लावा. चारजण जुवाखाली घाला, बाकीचे नाड्यावर. आज कोरडं हाय, निघते."

कोरडं होतं, हे खरं. पाऊस घाटात होता, आमच्याकडे नव्हता. निघालीही असती. मी धावेकडे पाहिलं. लाल्या आपणहून विहिरीकडे पाठ करून उभा राहिला होता.

"नको," मी म्हणालो. "बुडू द्या."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, नवी वाइंडिंग हाय."

"बुडू द्या म्हटलं ना."

पाणी काठावरून आलं तेव्हा फार आवाज झाला नाही. विहिरीच्या तोंडाशी फेस फिरू लागला, काड्याकुड्या गोल गोल फिरून आत गेल्या, आणि मग विहीर आणि नदी वेगळी ओळखू येईना. ती मोटर पुढे गाळानं भरलेली निघाली, भंगारात गेली, आणि नुकसानीचा पंचनामा वर गेल्याबरोबर चार खांबांच्या पंपघराला मंजुरी आली. नकाशा माझाच होता. फक्त तारीख बदलली. ते पंपघर आजही उभं आहे, आणि त्यानंतरच्या कोणत्याही पुरात त्या दवाखान्याचं पाणी थांबलेलं नाही.

पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं आणि लाल्या पाण्याकडे बघत उभे होतो. सुखदेवभाऊ म्हणाले, "साहेब, हेच त्या साली केलं असतं त?"

मी विचार करून उत्तर दिलं. "त्या साली टाकी रिकामी होती, सुखदेवभाऊ."

"हाव," ते म्हणाले. "ते बी खरं."

त्यांनी लाल्याच्या मानेवरचं जू उतरवलं, आपल्या खांद्यावर घेतलं, आणि दोघं घराकडे गेले.